मागच्या चाकापर्यंतचा पाईप

फरशीवरचा ओला डाग आधी आईला दिसला.

बदलापूरच्या मांजर्लीत आई-बाबांची इमारत नदीच्या बाजूला आहे. खाली नुसते खांब आणि गाड्या, घरं पहिल्या मजल्यापासून. अगदी कोपऱ्यातल्या दोन खांबांच्या मध्ये आईची व्हॅन उभी असते. मी राहते सोनिवलीला आणि रविवारी जेवायला मांजर्लीला येते. आले की वर जाण्याआधी व्हॅन सुरू करायची आणि थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, हे काम आईनं मला लावून दिलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तिला काही महिने गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. ते महिने कधीच उलटून गेले, गुडघाही बरा झाला, पण किल्ली माझ्याकडेच राहिली. आईनं मागितली नाही, आणि व्हॅन दर रविवारी तेवढ्यापुरती घुरघुरून पुन्हा गप्प होत राहिली.

त्या रविवारी मी सीटवर बसले आणि आई मागच्या डाव्या चाकापाशी थांबली. खांबाला धरून ती वाकली, डागाला बोट लावलं, बोटं एकमेकांवर चोळली आणि वास घेतला.

"पाणी नाही हे," ती म्हणाली. "ब्रेक ऑईल आहे. पेडल दाबून बघ."

मी दाबलं. पेडल कुठेही न अडता बरंच खाली गेलं. पुन्हा दाबलं तर जरा वर अडल्यासारखं वाटलं, आणि मग पायाखाली हळूहळू खचत गेलं. आईनं खिडकीतून हात घालून गाडी बंद केली आणि आता ही गेटपर्यंतसुद्धा हलवायची नाही असं मला बजावलं.

एरवी मी म्हटलं असतं, बघू नंतर. पण पुढच्या पंधरवड्यात बारवीच्या रस्त्यावरच्या वाडीत एक लग्न होतं आणि त्या लग्नाला याच व्हॅनमधून यायचं आईनं कबूल केलं होतं.

ही व्हॅन खरं तर बाबांनी स्वतःसाठी घेतली होती. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते. कंपनी बंद झाली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी जुनी व्हॅन घेतली. शाळेची मुलं नेण्या-आणण्याचा धंदा करायचा असं ठरलं. मी तेव्हा सातवीत असेन. बाबा ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागले आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी नदीच्या पुलावर समोरून ट्रक आला तेव्हा त्यांनी स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढून डोळ्यांवर घेतले. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्यानं गाडी सावरली म्हणून बरं. बाबा घरी आले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले की हे आपल्याच्यानं होणार नाही. आई तेव्हा पोळ्या करत होती. तिनं शेवटची पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि विचारलं, उद्याचा तुमचा तास किती वाजता असतो, मी जाऊन बसते.

आणि ती बसली. महिन्याभरात शिकली. पुढची कितीतरी वर्षं कुळगावातली आणि मांजर्लीतली मुलं गोळा करून पुलापलीकडच्या शाळेत पोचवणारी व्हॅनवाली काकू म्हणजे माझी आई. साडी नेसून, पदर कमरेला खोचून ती गाडी चालवायची. सुरुवातीला काही पालक जरा बिचकले. मग त्यांच्याच लक्षात आलं की ही बाई मूल फाटकाच्या आत गेल्याशिवाय गाडी हलवत नाही, आणि मग इतर व्हॅनवाल्यांकडची मुलंही आईकडे यायला लागली. बाबांनी पुढे अंबरनाथमध्येच दुसऱ्या एका लहान कंपनीत नोकरी धरली. रविवारी ते व्हॅन धुवायचे, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध.

सकाळच्या फेरीला मुलं शाळेत उतरवून आई परत यायची तेव्हा गाडी रिकामी असायची. त्याच वेळेला वरच्या वाडीतल्या ठाकर बायका डोक्यावर पाट्या घेऊन बदलापूरच्या बाजाराला चालत निघालेल्या असायच्या. एका वळणावर आईला रोज एक बाई दिसायची. तिच्याच वयाची, काटक, पाटी डोक्यावर आणि दोन्ही हात मोकळे सोडून झपाझप चालणारी. बरेच दिवस आई तिच्याकडे बघत पुढे जायची आणि तीही आईकडे बघायची. गाडी चालवणारी बाई तिनं आधी पाहिली नव्हती, हे तिनंच नंतर सांगितलं. एके दिवशी आईनं गाडी थांबवली आणि बस म्हणाली. ती आधी नको म्हणाली, मग बसली, पण पाटी मांडीवरच धरून. दुसऱ्या दिवसापासून ती त्या वळणावर उभीच राहायला लागली.

आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती पैसे द्यायची नाही आणि आई मागायची नाही, पण उतरताना मावशी सीटवर काहीतरी ठेवून जायची. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, नंतर काकड्या, उन्हाळ्यात करवंदं. जांभळं सुरू झाली की मागच्या सीटवर जांभळे डाग पडायचे आणि दुपारी मुलांच्या पांढऱ्या शर्टांना लागायचे. एका आईनं येऊन तक्रार केली तेव्हा आईनं सीटवर घालायला जाड प्लास्टिकचं कव्हर शिवून घेतलं. मावशीला बसवणं काही बंद केलं नाही.

गावात बसेस झाल्या, मुलं मोठी झाली, आई थकली. व्हॅनचा धंदा तिनं बंद केला, तरी महिन्यातून एकदा बारवीच्या रस्त्याला चक्कर मारायची. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तेही थांबलं. मावशीचंही चालणं कमी झालं होतं, तिनं बाजाराला येणं सोडलं होतं. अशात एक दिवस तिचा मुलगा मोटरसायकलवरून मांजर्लीला आला, विचारत विचारत इमारत शोधली आणि पत्रिका दिली. मावशीच्या नातीचं लग्न होतं. त्यानं त्याच्या मोबाईलवर मावशीला फोन लावून आईच्या हातात दिला. मावशी फोनवर मोठ्यानं बोलते, त्यामुळे ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"नातीचा लगीन हाय बाय. रिक्षानं नको येऊस, गाडी घेऊनशी ये."

आई म्हणाली, "येते. गाडीच घेऊन येते."

म्हणून तो डाग नंतरवर टाकता येणार नव्हता.

मेकॅनिक कुळगावातला, तिशीतला, त्याचं गॅरेज रेल्वे फाटकाच्या बाजूला. गाडी हलवायची नाही म्हटल्यावर तो बाईकवर बॅग टाकून आला. खाली पुठ्ठा अंथरून व्हॅनच्या खाली सरकला. मी आणि बाबा वाकून बघत होतो, आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पुढे पेडलापाशी जो दाब तयार होतो तो मागच्या चाकांपर्यंत एका बारीक लोखंडी पाईपातून जातो आणि हा पाईप गाडीच्या पोटाखालून, जागोजागी पट्ट्यांनी बांधलेला, मागे जातो. मेकॅनिकनं बॅटरी मारली आणि स्क्रू-ड्रायव्हरनं एका पट्टीला टोचलं. पट्टीच्या आतून सुकलेल्या मातीचा पापुद्रा खाली पडला. राखाडी, बारीक, नदीची माती.

काही वर्षांपूर्वी नदीला मोठा पूर आला तेव्हा इमारतीखाली पाणी चाकांच्या वर चढलं होतं. पाणी उतरल्यावर आईनं आठवडाभर खपून ती व्हॅन धुतली होती. सीट बाहेर काढून गच्चीवर वाळवल्या, आतली पायपुसणी घासली, इंजिन उघडून घेतलं. पण पोटाखालच्या पट्ट्यांच्या आत शिरलेली माती तशीच राहिली आणि दर पावसाळ्यात ओली होत होत तिनं पाईप खाल्ला. मेकॅनिकनं पाईपावरून बोट फिरवलं तर गंजाचे खवले निघाले आणि एका ठिकाणी थेंब जमला, लोंबला आणि त्याच्या कपाळावर पडला.

 खाली पडलेला मातीचा पापुद्रा आईनं चपलेनं बाजूला सरकवला.

मेकॅनिक बाहेर आला, हात पुसत म्हणाला की काकू, एवढं टेन्शन घ्यायचं काम नाही. सडलेला तुकडा तेवढा कापून मधे रबरी पाईप घालतो, दोन्हीकडून क्लॅम्प मारतो, अर्ध्या तासात गाडी रेडी. नाहीतर मागचा पाईप बंदच करून टाकू, पुढचे ब्रेक आहेतच, तुम्हाला कुठे लांब जायचंय. या गाडीचा पाईप आता कंपनी देत नाही आणि एवढ्या जुन्या गाडीत कोण पैसे घालतं, असंही तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही, आमचा खर्च वाचावा म्हणूनच.

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. एकाच दिवसाचा प्रश्न होता. मी आईकडे बघितलं.

"या गाडीत लोकांची मुलं बसायची," आई त्याला म्हणाली. "ब्रेकला जोड लावून मी ती कधी रस्त्यावर काढली नाही. आता उतारावरून घरची माणसं घेऊन येणार, तेव्हा लावू होय? पूर्ण पाईप बदल. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत."

मेकॅनिक म्हणाला, बदलतो, पण पाईप तुम्ही आणा. उल्हासनगरला रोल मिळतो, तिथून आणलात तर बसवून देतो. मग त्यानं जुना पाईप सोडवायला घेतला. तो अख्खा निघावा, म्हणजे नमुना म्हणून नेता येईल, असा त्याचा विचार होता. पण सडक्या जागी तो हातातच मोडला आणि दोन तुकडे झाले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आईला स्कूटरवर मागे बसवून उल्हासनगरला निघाले. मापासाठी दोन्ही तुकडे बरोबर होते. ते वेडेवाकडे, काही ठिकाणी काटकोनात वळलेले, आणि लांबलचक. आईनं त्यांची तोंडं प्लास्टिकच्या पिशवीनं बांधली होती आणि ते खांद्यावर टाकून ती माझ्यामागे बसली होती. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली माणसं बघायची. एका पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो तर दाढी राखलेला एक उंच माणूस पुढे आला, "काकू, ओळखलंत का?" म्हणाला. आईनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, तू तो ना, रोज डबा गाडीत विसरायचास. तो हसला आणि पाईपाकडे बघून काही विचारणार होता, पण मागून हॉर्न वाजला.

अंबरनाथमधून जाताना आई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, जरा सावकाश घे. बाबांची कंपनी होती तिथून आम्ही चाललो होतो. आता तिथे उंच इमारती आहेत, बाल्कन्यांत कपडे वाळत घातलेले. जुन्या भिंतीचा एक तुकडा तेवढा राहिलाय आणि त्याच्याशेजारी चहाची टपरी. लहान असताना दसऱ्याला आम्ही बाबांबरोबर तिथे जायचो. त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. बाबा इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये होते. मोठ्या नळांमधला दाब, तापमान दाखवणारी घड्याळासारखी यंत्रं ते सांभाळायचे आणि त्या यंत्रांपर्यंत जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या वाकवून भिंतीवर बसवायचे. झेंडूच्या माळा घातलेल्या त्या भिंतीवर नळ्यांच्या रांगा एकमेकींना न भिडता सरळ जायच्या, सगळ्या एकाच जागी वळायच्या आणि पुन्हा सरळ व्हायच्या. बाबा आईला हळूच सांगायचे, ही रांग माझी. मला तेव्हा त्यात बघण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. मला त्या दिवशी मिळणाऱ्या पेढ्यांच्या पुड्यात जास्त रस असायचा. स्कूटर सावकाश चालवताना मला त्या भिंतीचा रंगसुद्धा आठवला, फिकट हिरवा.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये स्पेअर पार्टची दुकानं ओळीनं आहेत. पहिल्या दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्यात एक वयस्क सिंधी गृहस्थ गल्ल्यावर बसले होते. आईनं खांद्यावरचे तुकडे काउंटरवर ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते उलटेपालटे केले आणि गाडी कुणाची म्हणून मला विचारलं.

"मेरी है," आई म्हणाली.

त्यांनी आईकडे बघितलं, मग पुन्हा पाईपाकडे बघितलं, आणि तेव्हापासून सगळं तिच्याशीच बोलायला लागले. तिला ते अदी म्हणत होते, सिंधीत बहिणीला म्हणतात तसं. म्हणाले की रेडीमेड मिळायचा नाही, रोलमधून कापून देतो, वाकवून तुम्ही घ्या. एक तांब्याचाही रोल होता, हातानंसुद्धा वाकतो म्हणाले. आईनं घरी फोन लावला. बाबांनी फोनवरच सांगितलं की तांबं अजिबात घेऊ नका, हादऱ्यानं ते कडक होतं आणि मग तडकतं. वरून गंजरोधक थर दिलेला लोखंडीच घ्या आणि लागतो त्याहून हातभर जास्त घ्या. बाबा एवढं सलग फोनवर बोलत नाहीत. आई फोन ठेवून गृहस्थांना म्हणाली, हातभर जादा द्या. त्यांनी पाईप मोजला, दोन्ही टोकांना लागणारे नट कागदात बांधून दिले आणि आम्हाला सरबत पाजलं.

आम्ही घरी परतलो तर हॉलमधला सोफा भिंतीला लावलेला होता. बाबांनी फरशीवर वर्तमानपत्रं पसरली होती आणि मधोमध एक गोष्ट ठेवली होती, जी मी जन्मात पाहिली नव्हती. दोन लांब दांड्यांचं, मधे खाच असलेली चकती बसवलेलं हत्यार. कंपनीच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या साहेबांनी ते त्यांना दिलं होतं, घेऊन जा, इथे भंगारात जाईल म्हणून. एवढी वर्षं ते माळ्यावर, जुन्या रजईत गुंडाळलेलं होतं. आईलाही त्याचा विसर पडला होता.

बाबांनी जुने दोन तुकडे फरशीवर टोकाला टोक लावून मांडले. वळणांवरून सुतळी फिरवून लांबी घेतली. मग नव्या पाईपाचं वेटोळं सोडवून, ते जमिनीवर तळहातानं लाटल्यासारखं करत सरळ केलं. पहिलं वळण घ्यायच्या आधी ते बराच वेळ नुसते मांडी घालून बसले होते. मला वाटलं त्यांना आठवत नाहीये. मग त्यांनी पाईप खाचेत बसवला, दांड्या हळूहळू जवळ आणल्या आणि पाईप कुठेही न चेपता, गोल, वळला. त्यांनी तो जुन्या तुकड्याशेजारी ठेवून बघितला. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"हात अजून तसाच आहे तुमचा," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "हात आहे. नजर गेली. ते तिकडचं वळण नीट दिसत नाहीये, जरा बॅटरी धर."

आईनं बॅटरी धरली. एकेक वळण होत पाईप तयार होत गेला. मधे चहा झाला. शेवटी जुना आणि नवा असे दोन पाईप फरशीवर शेजारी शेजारी पडले होते, एक तपकिरी, सोलवटलेला, आणि दुसरा नवा कोरा, पण दोघांचा आकार एकच.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्यानं पाईप हातात घेऊन वळणांवरून बोट फिरवलं आणि बाबांना विचारलं की हे कुठून करून आणलंत. घरी केलं म्हटल्यावर तो त्यांच्याशी बोलतच बसला. मग दोघांनी मिळून टोकांची तोंडं फुलवायला घेतली. पाईपाचं तोंड शिंगासारखं फुलवलं की ते नटाखाली घट्ट बसतं आणि गळत नाही. एक तोंड झालं, दुसरं झालं. दोघांनी ते उजेडात धरून बघितलं, फारच सुंदर झालंय असं एकमेकांना सांगितलं. तेवढ्यात आई म्हणाली की हा नट इथे काय करतोय. नट कागदावरच होता. तोंड फुलवण्याआधी तो पाईपात ओवायला हवा होता आणि आता फुललेल्या तोंडावरून तो आत जाणं शक्य नव्हतं. दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. मेकॅनिक म्हणाला की काका, मला वाटलं तुम्ही टाकला. बाबा म्हणाले, मला वाटलं तू. ते टोक कापून पुन्हा फुलवावं लागलं. हातभर जादा घेतलेला पाईप तिथे कामी आला.

पाईप बसवल्यावर आत राहिलेली हवा काढायची होती, नाहीतर ब्रेक स्पंजसारखा लागतो. पेडलावर कोण बसणार असं मेकॅनिकनं विचारलं आणि आई खुर्चीवरून उठली. किती दिवसांनी ती त्या सीटवर बसत होती. मेकॅनिक मागच्या चाकाशी, बाबा हातात बाटली धरून त्याच्याशेजारी. मेकॅनिक म्हणायचा "दाबा", आई दाबून धरायची, तो नटाचं तोंड जरा उघडायचा, नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे, तो बंद करायचा आणि म्हणायचा "सोडा". बुडबुडे कमी होत गेले. बाबा बाटलीकडे डोळे लावून बसले होते. शेवटी ते म्हणाले की आता नाही येत. आईनं आणखी एकदा दाबलं. पेडल वरच्या वर थांबलं आणि ती त्यावर तसाच पाय ठेवून बसून राहिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. व्हॅन मी चालवत होते, आई शेजारी, बाबा मागे. पूल ओलांडला. शाळेच्या अलीकडे मावशी उभी राहायची ते वळण आलं तेव्हा आईनं हातानं दाखवलं, हे ते. तिथे आता एका हॉटेलची पाटी लागलीय. वाडीच्या फाट्यापाशी मावशीचा मुलगा उभा होता. तो पुढे मोटरसायकलवर आणि आम्ही मागे, असे कच्च्या रस्त्यानं वर गेलो.

मावशी मांडवाच्या तोंडाशीच होती. आई उतरली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, मावशीच्या हातात काठी. मावशीनं आधी आईच्या गुडघ्याकडे बघितलं, मग व्हॅनकडे गेली आणि तिच्या दारावरून हात फिरवला. बाबांना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. तुमची बायको चांगली, असं त्यांना सांगितलं, आणि बाबा म्हणाले, हो, आहे. मांडवावर हिरव्या डहाळ्या टाकल्या होत्या. बायका धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होत्या, संथ, एकीनं ओढलेला सूर दुसरी उचलत होती. ते मला पूर्ण कळत नव्हते, पण मुलीला काय काय दिलं आणि कुठल्या वाटेनं ती जाणार ते त्यात येत होतं. बँजोवाले जेवायला बसले तेव्हाच काय ते धवळे स्पष्ट ऐकू आले. आम्ही पंक्तीला बसून भात, डाळ आणि वाटाण्याची भाजी जेवलो.

उन्हं कलल्यावर वरात निघाली. टेम्पोत सगळी तरुण मंडळी चढली, मागोमाग नवरा-नवरीची जीप, आणि धूळ उडवत ती खाली गेली. मांडवात एकदम शांत झालं. मावशी एका खांबाला टेकून बसली होती. ती नात लहानपणापासून तिच्याजवळच झोपायची. आई तिच्याशेजारी जाऊन बसली.  मग आईनं विचारलं, येतेस माझ्याकडे दोन दिवस? मावशी म्हणाली, घर कोण बघील. मुलगा म्हणाला की आम्ही आहोत ना, जा तू. तरी ती नको नको म्हणत राहिली आणि नको म्हणतानाच आत जाऊन एका पिशवीत लुगडं कोंबून घेऊन आली.

व्हॅनपाशी आल्यावर आईनं माझ्यासमोर हात पसरला. मी किल्ली दिली. बाबांनी मागचं दार उघडलं. मावशी पुढे आईशेजारी बसली, आम्ही बापलेक मागे. वाडीतून खाली येणारा रस्ता उताराचा आणि अरुंद. आई दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरत होती. एका वळणावर खदानीचा डंपर समोरून वर आला. आईनं ब्रेक दाबला. व्हॅन कुठेही न वळता, सरळ, जागच्या जागी उभी राहिली. डंपर आमच्या अगदी जवळून गेला. बाबांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. डोळे मात्र उघडे होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी हळूच मान हलवली आणि हात सोडला.

मांजर्लीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. मावशी कठड्याला धरून एकेक पायरी चढली. इतक्या वर्षांत ती आमच्या घरी पहिल्यांदाच येत होती. बाबांनी तिला बाल्कनीत खुर्ची दिली, तर ती खाली बसली, आणि मग आईही गुडघा सांभाळत खाली बसली. मी चहा टाकला. बाल्कनीतून नदीकाठची झाडं आणि पलीकडच्या इमारतींचे दिवे दिसतात. मावशी कठड्याच्या गजांमधून बघत होती.

"मला बाजारात उतरवलीस का तू मग कुठं जातीस, ता आज बघला," ती म्हणाली.

आई म्हणाली, "इथेच यायचे. येऊन भांडी घासायचे."

मावशी हसली. दोन दिवसांसाठी आली होती, ती आठवडाभर राहिली. रविवारी मी गेले तेव्हा दोघी स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होत्या आणि बाबा बाहेर जाऊन मावशीसाठी तंबाखूची पुडी घेऊन आले होते. दुपारी आई तिला वाडीवर सोडायला गेली. मला बरोबर घेतलं नाही.